काजियाडोत शेळ्या घेताना

मिशनच्या कामासाठी केनियात आलेले बरेच गट नैरोबीहून सकाळी निघतात, दुपारपर्यंत बाजारात गरीब कुटुंबांना द्यायला शेळ्या घेतात आणि संध्याकाळी वाटपाचे फोटो काढून परततात. शेळ्या घेण्याची यापेक्षा महाग पद्धत नाही. पैसे त्या दिवशी जातात, शेळ्या पुढच्या तीन आठवड्यांत. आम्ही नैरोबीच्या दक्षिणेला, काजियाडोच्या भागात हे काम करतो. ज्यांना पुढे करायचं आहे त्यांच्यासाठी रस्त्यापासून गोठ्यापर्यंतचा सगळा क्रम इथे लिहितो आहोत.

नैरोबीहून टांझानियाच्या सरहद्दीवरच्या नामांगाकडे जाणारा रस्ता चांगला आहे. कितेंगेलाची गर्दी मागे पडली की दोन्ही बाजूंना काटेरी बाभळींचं माळरान सुरू होतं. काजियाडो गाव येतं, त्यापुढे बिसिल. पहाट स्वच्छ असेल तर आग्नेयेला किलिमांजारो दिसतो, ऊन चढलं की ढगात जातो. हा मसाई लोकांचा मुलूख. बिसिलचा गुरांचा बाजार मोठा, आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यावर ट्रकपेक्षा लाल शुका (चादर) पांघरलेले, हातात काठी घेतलेले लोक आणि त्यांच्यापुढे चालणारे कळप जास्त दिसतात.

पण बाजारात शिरण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: चांगली, तरुण, दर वेताला करडं देणारी शेळी कोणी का विकेल? पशुपालक घरखर्चाला बोकड विकतो. मादी विकतो ती म्हातारी झालेली, भाकड, गाभ टाकणारी किंवा कास बिघडलेली. फार मोठी अडचण आली तरच चांगली पाट, म्हणजे तरुण मादी, बाजारात येते. म्हणजे बाजारातल्या माद्यांत मालकाने नापसंत केलेल्याच जास्त असणार, आणि दाव्याला उभी असताना भाकड शेळी सगळ्यात गुबगुबीत दिसते, कारण तिची ताकद दुधात जात नाही. नवखा खरेदीदार नेमकी तिच्यावर बोट ठेवतो.

म्हणून बोकडासाठी बाजार बरा, पण पाटी शक्यतो बोमावर, म्हणजे मसाई वस्तीवर जाऊन घ्याव्यात. गावच्या चीफमार्फत (सरकारने नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्यामार्फत) काही आठवडे आधी निरोप द्यायचा: इतक्या पाटी हव्यात, दोन दाती किंवा चार दाती (म्हणजे साधारण दीड ते दोन वर्षांच्या), एका घरातून दोन-तीनच घेऊ. असं केल्याने कोणाचाही कळप रिकामा होत नाही, आणि भावही टिकतो. एका दिवशी एकाच बाजारात शंभर शेळ्या उचलल्या तर दुपारपर्यंत दर चढतो, आणि ज्या गरीब घराला त्याच दिवशी स्वतःच्या पैशाने एक शेळी घ्यायची होती ते हात हलवत परत जातं.

जात कोणती घ्यायची यावर गाडीत तासन् तास वाद होतात. उत्तर केनियातून आलेली पांढरी गाला शेळी मोठी असते, मादी 45 ते 55 किलोपर्यंत भरते, दूधही बरं देते. स्थानिक छोटी पूर्व आफ्रिकी शेळी साधारण 20 ते 35 किलोची, दूध कमी, पण खाणंही कमी. वाईट वर्षात तीच तग धरते. टोगेनबर्ग किंवा अल्पाइनसारख्या दुधाळ विलायती जाती फोटोत देखण्या दिसतात. डोंगराळ, हिरव्या भागात गोठ्यात बांधून, चारा कापून घालणाऱ्या घरी त्या ठीक. काजियाडोच्या उघड्या माळावर नकोत. मेंढ्या द्यायच्या असतील तर लाल मसाई मेंढी विसरू नका. हीमाँकस या रक्तपिपासू जंताला ती इतर जातींपेक्षा चांगली तोंड देते. डॉर्पर या मांसल जातीशी संकर करून कळपाचं वजन वाढवण्याच्या नादात हा गुण पातळ होत चालला आहे. आमचा नियम साधा: कुटुंबाच्या शेजाऱ्याकडे जी जात आहे तीच, आणि होता होईल तो त्याच तालुक्यातली. गोचीड, जंत, झुडपं, पाणी या सगळ्यांची तिला सवय असते. लांबून आणलेलं जनावर ओळखीची पानं सापडत नाहीत म्हणून घाणेरीसारखी विषारी झुडपंही खातं.

आता जनावर हातात घेऊ. आधी लांबून पाहायचं. कळपापासून वेगळी, मान खाली घातलेली, मलूल शेळी तिथेच सोडून द्या. मग दहा-वीस पावलं पळवायची आणि कान द्यायचे. खोकला आला, श्वास कण्हल्यासारखा वाटला, तर ती एकटीच नव्हे, त्या कळपातली एकही घ्यायची नाही. सीसीपीपी नावाचा शेळ्यांचा फुप्फुसाचा संसर्ग या मुलखात मुक्कामाला आहे. त्याचा जंतू प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवला गेला तोही केनियातच, 1976 साली. नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड आणि मागे हगवण असेल तर पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाचा संशय घ्या. केनियात 2006-07 मध्ये वायव्येच्या तुर्कानाकडून सुरू झालेल्या साथीने या रोगाची ओळख करून दिली.

दात पाहायला खालचा ओठ खाली ओढायचा. पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, वर नुसती कडक हिरडी. सगळे बारीक दुधाचे दात असतील तर शेळी वर्षाच्या आतली. मधले दोन रुंद दात आले की साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, सहा म्हणजे तीन, आठ म्हणजे चार. त्यानंतर दात झिजतात, फटी पडतात, आणि दात पडलेली शेळी काटेरी पाला ओरबाडू शकत नाही. रिफ्ट खोऱ्यातल्या बारिंगोकडून आलेल्या शेळ्यांचे दात तर दोनदा पाहावेत. तिथे 1980 च्या दशकात लावलेल्या वेड्या बाभळीच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडतात. तिथल्या लोकांनी सरकारवर दावा लावला तेव्हा पुरावा म्हणून बोळकी शेळीच कोर्टात आणली होती.

मग डोळा. अंगठ्याने वरची पापणी हलकेच दाबून खालची ओढली की आतला रंग दिसतो. लालबुंद किंवा गडद गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी म्हणजे जंत रक्त पीत आहेत, पांढरट म्हणजे शेळी आठवडाही काढेल की नाही सांगता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचं पाच रंगांचं कार्ड तयार झालं. ते गळ्यात अडकवून ठेवावं. ढगाळ संध्याकाळी नुसत्या नजरेने रंग ठरवू नका, सगळ्या पापण्या गुलाबीच वाटतात.

पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर बोटं दाबून फिरवा. हाडाची टोकं टोचली तर शेळी उपाशी, बोटं मांसात रुतली आणि हाड सापडलंच नाही तर फाजील चरबी. दोन्हींच्या मधली हवी. पोट फुगलेलं दिसलं म्हणून भुलू नका: बाजाराच्या सकाळी मीठ चाटवून भरपूर पाणी पाजलं की कुठलीही शेळी भरदार दिसते. कास दोन्ही हातांनी चाचपायची. गाठ, एका बाजूचा कडकपणा, दोनाहून जास्त किंवा बुजलेले सड असतील तर नको. दोन्ही सडांतून थोडी धार काढून पाहायची. तुडुंब कास म्हणजे जास्त दूध असं नव्हे, सकाळी दूध काढलंच नसेल. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पायाशी स्वतःचं करडू असलेली, एकदा व्यालेली पाट. करडू तिचंच आहे का ते पाहायला दोघांना वेगळं करून पुन्हा सोडा. परक्या करडाला ती हुंगून ढुशी देते.

काटा नसला तरी वजन काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 10,840. घेर 75 आणि लांबी 65 असेल तर सुमारे 34 किलो. भाव ठरवायला हे लागतंच, औषधाच्या डोसाला त्याहून जास्त.

पैशाचं थोडक्यात. दलाल टाळता येत नाही, टाळूही नये. तो ओळख पटवतो, भाषा सांभाळतो, चोरीचं जनावर असेल तर तोच आधी ओळखतो. त्याचं कमिशन सुरुवातीलाच ठरवा आणि शेळीच्या किमतीत मिसळू देऊ नका. परदेशी पाहुण्यांनी घासाघीस होईपर्यंत गाडीतच बसावं, नाहीतर भाव तिथल्या तिथे वर जातो. पैसे विकणाऱ्याच्या फोनवर एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने, पाठवले की नाव, तारीख, शिलिंगमधली रक्कम यांचा पुरावा आपोआप राहतो, आणि खिशात रोकड बाळगावी लागत नाही. बाजाराचा काउंटीचा (जिल्हा सरकारचा) कर भरून पावती घ्या. जनावरं हलवायला सरकारी पशुवैद्यकीय कार्यालयाचा परवाना लागतो. तो आधी, गाडी भरणं नंतर. रस्त्यात पोलीस नाक्यावर कागद नसताना उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत जनावरं दगावतात.

गाडीच्या हौद्यात वाळू किंवा जाड गवत पसरा, नाहीतर मूत्राने ओल्या पत्र्यावर शेळ्या घसरतात आणि एकदा खाली बसलेली तुडवली जाते. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद हौद्यात 25 मोठ्या शेळ्या पुरे. पाय बांधून आडव्या टाकू नका. बोकड वेगळा. शेवटच्या महिन्यातली गाभण शेळी गाडीत चढवायचीच नाही. शेळीचा गाभ सुमारे 150 दिवसांचा, आणि धक्क्यांनी तो शेवटी पडतो.

यापुढचा भाग कोणालाच आवडत नाही: घेतलेल्या शेळ्या थेट घरी द्यायच्या नाहीत. 21 दिवस वेगळ्या काटेरी कुंपणात ठेवायच्या, गावातल्या कळपांपासून आणि त्यांच्या पाणवठ्यापासून लांब. सीसीपीपी अंगात असेल तर बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांत, कधी उशिरा दिसतो. पीपीआर त्याहून लवकर. या दिवसांत सरकारी पशुवैद्याकडून दोन्हींची लस टोचून घ्या. एका कुपीत अनेक जनावरांचे डोस असतात आणि पीपीआरची लस तिच्या द्रावणात मिसळली की एक-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेळ्या आधी गोळा करून मगच कुपी फोडा. लशीच्या पेटीत बर्फ दिसला नाही तर लस परत पाठवा. गरम झालेली लस टोचल्याचं समाधान देते, एवढंच. जंताचं औषध प्रत्येकीच्या वजनाप्रमाणे. अंदाजाने कमी दिलं तर जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. मेंढीच्या डोसावर शेळीचं भागत नाही, हेही पशुवैद्याकडून लिहून घ्या. अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यातल्या गाभण शेळीला देऊ नका. कानाला क्रमांकाचा बिल्ला याच वेळी.

कधी द्यायच्या हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधीचा. इथे पाऊस दोनदा: मार्च ते मे लांबणारा, ऑक्टोबर ते डिसेंबर आखूड. 2020 च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम पाऊस हुकला आणि देशात 25 लाखांच्या आसपास जनावरं मेली. अशा काळात बाजारात शेळ्या मातीमोल मिळतात, आणि देणग्याही तेव्हाच येतात. तेव्हा घेऊ नका. ज्या घरात माणसांना पाणी नाही तिथे दिवसाला चार-पाच लिटर पिणारं आणखी एक तोंड बांधणं ही मदत नव्हे. त्या वेळी पैसा पाणी, चारा आणि लशीवर लावा. शेळ्या पाऊस स्थिरावून चारा उगवल्यावर. तेव्हा भाव जास्त असतो, तो द्यावा.

कुटुंबं चीफने भरवलेल्या बराझात (जाहीर सभेत), सगळ्यांसमोर निवडली जावीत. बंद खोलीत केलेली यादी चीफच्या नातलगांची निघते. शेळी चारणारं माणूस घरात आहे का, रात्रीचं कुंपण तरसाला अडवेल एवढं आहे का, हे बोमावर जाऊन पाहा. घराला एक शेळी देऊ नका. ती मेली की सगळं संपलं. तीन ते पाच पाटी द्या, आणि 20-25 पाटींमागे एक बोकड, जो दीड-दोन वर्षांनी शेजारच्या गटाशी बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींना लागतो. मसाई घरात दूध बाईच्या हातात आणि विक्री पुरुषाच्या, म्हणून नोंदवहीत दोघांची नावं आणि दोघांचे अंगठे. पहिली मादी करडं पुढच्या कुटुंबाला देण्याची पद्धत हायफर इंटरनॅशनलने 1944 पासून रुजवली. ती चालते, फक्त करडू तीन महिन्यांचं होऊन दूध सोडेपर्यंत थांबायचं आणि देण्याआधी लस टोचायची.

शेळ्यांऐवजी कोंबड्या स्वस्त पडतात असं नेहमी सुचवलं जातं. सहा देशांतल्या गरिबी निर्मूलन कार्यक्रमांचा एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात होंडुरासमध्ये घरांना दिलेल्या कोंबड्या रोगाने मोठ्या प्रमाणात मेल्या. मानमोडीची लस दर तीन-चार महिन्यांनी डोळ्यात थेंब टाकून देणारं माणूस गावात तयार नसेल तर कोंबड्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेळी मेली तर काय करायचं हे वाटपाच्याच दिवशी सांगून ठेवा: बिल्ला जपून ठेवायचा, मांस खायचं नाही, त्याच दिवशी पशुवैद्याला फोन. जोराच्या पावसानंतर एकामागून एक शेळ्या गाभ टाकू लागल्या तर रिफ्ट व्हॅली ताप असू शकतो, जो 2006-07 मध्ये इथे माणसांनाही झाला. पडलेल्या गाभाला उघड्या हाताने शिवायचं नाही आणि दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही. फुप्फुसाचा रोग निघाला तर आजूबाजूच्या बोमांतल्या शेळ्यांनाही त्याच आठवड्यात लस लागते, आणि तो खर्च शेळ्यांच्या खरेदीच्या अंदाजपत्रकात सुरुवातीपासूनच धरलेला असावा.