पन्नासावं राज्य : डेन्व्हर ते फार्गो, डकोटांमधून

अमेरिकेतली पन्नासही राज्यं पाहायची असं ठरवलं की निम्मी सहज होतात. कामानिमित्त, कुणाच्या लग्नासाठी, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी जाणं होतंच. उरतात ती मधली, जिथे आपलं कुणी राहत नाही. अलास्का, हवाई झाल्यावर आमची नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा राहिली होती. या उन्हाळ्यात बायको आणि मी ती एकाच फेरीत पाहिली. याच वाटेनं जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी स्वतःचा नियम ठरवा. विमान बदलायला थांबलो ते राज्य आम्ही मोजत नाही. फोर कॉर्नर्सला एकाच वेळी चार राज्यांत हातपाय टेकवता येतात, फोटो छान येतो, पण तेही नाही. रात्रीचा मुक्काम झाला तरच राज्य झालं. या एका अटीमुळे आम्ही कितीतरी लहान गावांत राहिलो, नाहीतर ती खिडकीतून मागे गेली असती.

डेन्व्हरला गाडी घेतली, फार्गोला सोडली. दुसऱ्या शहरात गाडी सोडायचे जादा पैसे बरेच पडतात, म्हणून बुकिंगआधी दोन-तीन ठिकाणचे दर पाहा. परतीचं लांबलचक ड्रायव्हिंग वाचतं, तेव्हा आम्हाला ते पटलं. भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही आणावा. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत.

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला चिमनी रॉक दिसतो. ओरेगॉन ट्रेलवरून बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघालेली कुटुंबं याच सुळक्यावरून वाट ओळखत. पुढे अलायन्स गावाबाहेर जुन्या गाड्या जमिनीत उभ्या पुरून, राखाडी रंगवून केलेलं कारहेंज, म्हणजे इंग्लंडच्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाची नक्कल, आहे. तिकीट नाही, तासाभरात पाहून होतं.

साऊथ डकोटाला मात्र भरपूर वेळ द्या. बॅडलँड्स या राष्ट्रीय उद्यानात पहाटेच पोहोचा. उजेड वर येतो तसे मातीच्या कड्यांमधले लाल-पिवळे थर एकेक करून स्पष्ट होतात, आणि दहानंतर ऊन चढलं की सगळं फिकट दिसू लागतं. जवळच्या वॉल ड्रग या दुकानात १९३० च्या दशकापासून प्रवाशांना बर्फाचं पाणी फुकट देतात. बाटल्या तिथेच भरून घ्या, पार्कमध्ये सावली जवळजवळ नाहीच.

डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला माऊंट रशमोर पाहण्याआधी तो ज्या डोंगररांगेत आहे त्या ब्लॅक हिल्सचा इतिहास वाचून जा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहानं हे डोंगर इथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांकडे राहायचे होते. १८७४ मध्ये इथे सोनं सापडलं आणि तह मोडला गेला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं भरपाई मान्य केली, दहा कोटी डॉलरहून जास्त. लाकोटांनी ती आजवर स्वीकारलेली नाही, त्यांना जमीन हवी आहे. हे माहीत असलं की त्या चेहऱ्यांकडे नुसतं कौतुकानं पाहता येत नाही. जवळच १९४८ पासून क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याचं शिल्प कोरणं चालू आहे. तेही पाहा, पण डोंगर फोडून केलेलं हे स्मारक सगळ्याच लाकोटांना मान्य नाही, हेही लक्षात असू द्या.

पासबद्दल गोंधळ होतो. राष्ट्रीय उद्यानांचा, अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीचा ८० डॉलरचा वार्षिक पास बॅडलँड्सला चालतो. रशमोरला प्रवेश फुकट असला तरी पार्किंगचे पैसे द्यावे लागतात आणि तिथे तो पास चालत नाही. कस्टर हे राज्याचं पार्क असल्यानं त्याची फी वेगळी. ती द्या, कारण बायसनचे (अमेरिकेतल्या रानगव्यांचे) कळप तिथे अगदी रस्त्यावर येतात. काचा वर ठेवा आणि गाडीतून उतरू नका. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते, तेव्हा आसपास खोली मिळणं अवघड आणि मिळाली तर महाग.

शाकाहारी असाल तर तयारीनं निघा. बीन्समध्येही डुकराची चरबी असू शकते, विचारूनच मागवा. आमच्याकडे दडपे पोहे, मेतकूट, भाजणी आणि छोटा कुकर होता. एका मोटेलचे मालक गुजराथी काका निघाले. त्यांच्या पत्नीनं न मागता आल्याचा चहा आणि थेपले आणून दिले, आणि रात्री उशिरापर्यंत हिंदीत गप्पा झाल्या. मैलोन्मैल आपली भाषा कानावर पडलेली नसताना हे किती मोलाचं वाटतं!

साऊथ डकोटातल्या बेल फूश गावात टाकी पूर्ण भरा. इथून उत्तरेला जाणारा यूएस-८५ हा महामार्ग अतिशय एकाकी आहे, फोनला रेंज जाते-येते, नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. दोन्ही बाजूंना गवत, मधूनच हरणं. मला हा रस्ता सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त आवडला.

मेडोरा हे नॉर्थ डकोटातलं छोटंसं गाव. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८८३ मध्ये इथे बायसनच्या शिकारीला आले. पुढच्याच वर्षी १४ फेब्रुवारीला त्यांची आई आणि पत्नी एकाच दिवशी गेल्या, आणि ते दुःख घेऊन ते याच माळावर येऊन राहिले. त्यांच्या नावाच्या पार्कमध्ये आम्ही संध्याकाळी रानघोडे पाहिले. पार्कच्या दक्षिण आणि उत्तर भागांत घड्याळाचा एका तासाचा फरक आहे. रेंजरसोबतचा कार्यक्रम ठरवताना हे विसरू नका.

मेडोराहून आय-९४ महामार्गानं फार्गो सव्वातीनशे मैल. वाटेत जेम्सटाऊनला १९५९ साली उभारलेला काँक्रीटचा प्रचंड बायसन आहे, पाय मोकळे करायला बरा. फार्गोच्या व्हिजिटर सेंटरमध्ये नॉर्थ डकोटा हे आपलं शेवटचं राज्य आहे असं सांगितलं की प्रमाणपत्र आणि टी-शर्ट देतात. काउंटरवरच्या बाईंनी आमचं मनापासून अभिनंदन केलं, बायकोचे डोळे भरून आले. शनिवार-रविवारी जाणार असाल तर वेळा आधी बघून ठेवा.

बरेच जण मिनेसोटातून नदीचा पूल ओलांडून येतात, टी-शर्ट घेतात आणि तासाभरात परत फिरतात. तुम्ही पश्चिमेकडून या आणि मेडोराला निदान दोन रात्री राहा. उन्हाळ्यातल्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी मेडोराचं बुकिंग करा.