पांढऱ्या काठीचा प्रश्न

परवा शिकाऊ परवान्याची परीक्षा आहे. वयाच्या 42 व्या वर्षी मी पहिल्यांदाच चारचाकी शिकणार आहे आणि हा परवाना हातात आल्याशिवाय रस्त्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असे पक्के ठरवले आहे. कायदाही तेच सांगतो. त्यामुळे गेले आठ दिवस रात्रीची झाकपाक झाली की मी मोबाइलवर सराव प्रश्न सोडवत बसते. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात आणि तेवढी तिसऱ्या दिवशीच येऊ लागली होती. तरीही जी चुकत होती ती का चुकतात, हे कळल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना.

चिन्हे लवकर पाठ झाली. गोलात आज्ञा, त्रिकोणात इशारा, चौकोनात माहिती, आणि ‘थांबा’चे चिन्ह तेवढे अष्टकोनी, म्हणजे फलकाची पाठ दिसली तरी आकारावरून ते ओळखता यावे. खरी अडचण होती ती रस्त्यावर कोणी कोणाला वाट द्यायची, या प्रश्नांची.

अरुंद घाटरस्त्यावर आधी कोणी जायचे, याचे उत्तर मी दोनदा चुकले. उतरणाऱ्या गाडीला वेग आवरणे अवघड, म्हणून तिला वाट द्यावी, असा माझा समज होता. नियम नेमका उलटा आहे: चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य, आणि जागा अपुरी असेल तर उतरणाऱ्याने थांबायचे. ह्यांनी कारण समजावून सांगितले, तेव्हा साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातला एक प्रसंग आठवला. कासला फुलांच्या दिवसांत निघालो होतो. वरून आलेली एक गाडी वळणावर आडवी घुसली, आमची वडाप जीप चढावर थांबली आणि पुन्हा सुटताना हातभर मागे सरकली. पाठीमागे दुसरी गाडी अगदी चिकटून उभी होती. तो हातभराचा धक्का अजून पोटात जाणवतो. आता त्या प्रश्नाचे उत्तर चुकणे शक्य नाही.

काल प्रश्न विचारायला सासूबाईंना बसवले. त्या मेथी निवडत होत्या. मी प्रश्न वाचत होते आणि उत्तरही मीच देत होते. पदपथ नसेल तर पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे? मी म्हटले, डावीकडून. आईंनी मान वरही न करता सांगितले, “उजवीकडनं. समोरनं येणारं दिसाय पाहिजे. पाठीला काय डोळं असत्यात?” कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या माहेरच्या गावी उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, आणि त्या रस्त्याच्या कडेने त्यांनी वर्षानुवर्षे रानात भाकरी नेली आहे. ज्या नियमासाठी मला मोबाइल उघडावा लागला, तो त्यांना पायांनी शिकवला होता.

सगळ्यांत खोल रुतला तो पांढऱ्या काठीचा प्रश्न. अंध व्यक्ती पांढरी काठी हातात धरून रस्ता ओलांडत असेल, तर चालकाने त्या काठीला काय समजावे? उत्तर असे, की ती काठी म्हणजे वाहन थांबवण्याची खूण समजावी. मी हे वाचले आणि मोबाइल खाली ठेवला. काही वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या राजपथावर, मोती चौकाच्या अलीकडे, आम्ही मोटारसायकलवर होतो. एक गृहस्थ काठीने रस्ता चाचपत मध्यापर्यंत आले होते. ह्यांनी हॉर्न दिला, मागच्यांनीही दिला. ते गृहस्थ जागीच थिजले. आवाज चहूबाजूंनी येत असताना पुढे जावे की मागे, हे त्यांना कसे कळणार? आम्ही त्यांना वळसा घालून निघून गेलो. ती काठी आम्हाला थांबायला सांगत होती आणि आमच्यापैकी कोणालाही तिची भाषा येत नव्हती. आज हे जेवताना ह्यांना सांगितले, तेव्हा तेही बराच वेळ गप्प राहिले.

म्हणूनच परवाचा एक अनुभव मनाला लागला. अर्जाची कागदपत्रे स्कॅन करायला गेले होते, तर तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, घरबसल्या परीक्षा आहे, मोबाइल इकडे द्या, पाच मिनिटांत पास करून देतो.” आधारच्या आधारे घरून परीक्षा देण्याची सोय 2021 पासून आपल्याकडे आहे आणि ती कामावर जाणाऱ्या बायकांसाठी खरोखर मोठी सोय आहे. तिचा असा वापर होताना पाहून वाईट वाटले. त्या पाच मिनिटांत काठीचा प्रश्न कोणी वाचला असता?

परवाना सहा महिने चालेल, तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याच्या चाचणीला बसता येईल. तोवर गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ आणि शेजारी हे. उद्या हातांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. आईंनी आधीच बजावले आहे, की उद्या शेंगा फोडायच्या आहेत, तेव्हा प्रश्न लवकर घेऊन बस.