लिलियन गिश: ग्रिफिथ आटोपला, आता शोस्ट्रोम

अमेरिकन अभिनेत्री लिलियन गिशचे मूकपट दिग्दर्शकांच्या क्रमाने पाहण्याच्या उद्योगातला सर्वात लांब टप्पा संपला. १९१२च्या ‘ॲन अनसीन एनिमी’पासून १९२१च्या ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’पर्यंत सगळे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचे. बायोग्राफ या कंपनीच्या काळातले छोटे पट निवडकच घेतले. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ एकदाच पाहिला. त्यातला वर्णद्वेष बाजूला सारून नुसता अभिनय पाहणं मला जमत नाही.

जास्त वेळ गेला तो ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये (१९१९). बाप कुऱ्हाडीने दार फोडतोय आणि आत कोंडून घेतलेली लूसी (गिश) त्या अरुंद कपाटात गरागरा फिरतेय, हा प्रसंग मी पुन्हापुन्हा लावला. ग्रिफिथ आठवडेच्या आठवडे तालमी घ्यायचा, नटांना घडवायचा, हे खरंच. पण याच पटात दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून हसू आणायची कल्पना गिशची स्वतःची. ‘वे डाउन ईस्ट’मध्ये (१९२०) बर्फाच्या लादीवर पडून हात आणि केस गोठत्या पाण्यात सोडायचे, हेही तिनेच सुचवलं. म्हणून ‘ग्रिफिथने गिश घडवली’ हे वाक्य मला अर्धंच पटतं. त्याने तिला वेळ दिला, क्लोजअप दिला; त्यात काय भरायचं ते ती ठरवत होती.

एक सूचना: हे पट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर, बहुधा आजच्यापेक्षा कमी वेगाने घेतलेले आहेत. सरसकट सेकंदाला २४ फ्रेमने चालवलेली प्रत मिळाली तर सोडून द्या. लूसीची भीती फेफऱ्यासारखी दिसते.

मग किंग व्हिडोरचा ‘ला बोहेम’ (१९२६). इथे गंमत उलटी आहे. गिश आता एमजीएम स्टुडिओची तारका. तालमीचा ग्रिफिथी रिवाज तीच घेऊन आली आणि व्हिडोर व नायक जॉन गिल्बर्ट बुचकळ्यात पडले. तिची नायिका मीमी हिच्या मृत्यूच्या प्रसंगासाठी तिने पाणी पिणं सोडलं, तोंडात कापूस ठेवून ते कोरडं केलं. प्रसंग जबरदस्त झालाय, पण बाकीचा पट मला जड गेला. गिल्बर्ट सतत ओसंडतो, ती सतत आवरते. दोघांची लय जुळतच नाही.

आणि काल रात्री व्हिक्टर शोस्ट्रोमचा ‘द विंड’ (१९२८). मोहावीच्या वाळवंटात चित्रण, वाळू उडवायला विमानांचे पंखे. ग्रिफिथच्या पटात संकट दाराबाहेर असतं आणि वाचवणारा धावत येत असतो. इथे कुणी येत नाही. पुरलेल्या प्रेतावरची वाळू वाऱ्याने सरकते आणि लेटी (गिश) खिडकीतून पाहत राहते. गरागरा फिरणं नाही, किंचाळणं नाही, नुसते डोळे. हातवारे कमी करायला शोस्ट्रोमने सांगितलं असो की तिनेच ठरवलं असो, हे तिचं सर्वोत्तम काम, या मतावर मी सध्या तरी ठाम आहे.

शेवट मात्र खटकला. डोरोथी स्कारबरोच्या कादंबरीत नायिका वादळात निघून जाते. पटात ती नवऱ्याच्या मिठीत सावरते. त्या काही मिनिटांत ती पुन्हा ग्रिफिथच्या पटातली मुलगी होते.

याच दिग्दर्शकाचा आणि इथे नवरा झालेल्या लार्स हॅन्सनबरोबरचाच ‘द स्कार्लेट लेटर’ (१९२६) मुद्दाम मागे ठेवलाय. क्रम मोडला खरा, पण ‘द विंड’मधला संयम तिथेच सुरू झाला होता का, हे आता शोधत पाहता येईल. कुणाकडे बऱ्या वेगाची प्रत असेल तर कळवा.