शाळेच्या तीन खोल्या, 118 माणसं

31 ऑगस्ट 2021. कन्नड घाटात दरडी कोसळलेल्या, तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगाव तालुक्यात घराघरांत शिरलेलं. सकाळीच सरपंचांचा फोन आला, "सर, शाळा उघडा." दुपारपर्यंत 118 माणसं आली. वर्गखोल्या चार, पण एकीत पोषण आहाराचा तांदूळ. उरल्या तीन.

रात्री पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून टेप लावून खोली मोजली. 20 बाय 25 फूट. मदतकार्यात काम करणाऱ्या भाच्याने फोनवर 'स्फिअर' या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली मानकं पाठवली. निर्वासितांच्या छावण्यांना हीच लावतात. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, चूल-न्हाणी सोडून. त्या हिशोबाने आमच्या खोलीत 13 जण मावतात. झोपले होते 39. भिंतीवर करोनातली 'सुरक्षित अंतर ठेवा' ही पाटी, आणि तिच्याखाली एका गोधडीत तीन पोरं.

जागेवरून मात्र कुणी कुरकुरलं नाही. दुसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी पाण्याचा पेला परत केला. "मास्तर, मी पानी पेत नही. रातले कोठे जावानं?" मग लक्षात आलं, बहुतेक बाया दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. संडास दोन, एक मुलांचा, एक मुलींचा. मानक म्हणतं वीस माणसांमागे एक, आणि पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन. माझ्या डोक्यात हे आधी यायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी दोन्ही संडास बायकांना दिले, पुरुषांना ग्रामपंचायतीकडे पाठवलं. चिखलातून जावं लागतं म्हणून ते दोन दिवस माझ्यावर चिडले होते.

तालुक्याला पहिला अर्ज 'गैरसोय होत आहे' असा केला. उत्तर आलं, "तात्पुरतं आहे सर, भागवून घ्या." दुसऱ्या अर्जात फक्त आकडे टाकले: खोलीचं माप, माणसं, संडास. चौथ्या दिवशी मंगल कार्यालय उघडून मिळालं, निम्मी माणसं तिकडे गेली.

बांगलादेशातल्या कुतुपालोंगच्या छावणीत सहा लाखांवर रोहिंग्या निर्वासित साधारण 13 चौरस किलोमीटरात वर्षानुवर्षं राहतात. पूर्वी हा आकडा मी भूगोलाच्या तासाला घनता म्हणून सांगायचो.

आता प्रत्येक खोलीच्या चौकटीवर ऑइलपेंटने 13 लिहिलंय. केंद्रप्रमुख आले तेव्हा म्हणाले, "वर्ग तर चौथीचा आहे ना?"