दोनालीची डागडुजी : जून ते खंडेनवमी

सेमी-ऑटो (एका बारनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) बंदूकवाल्यांनी आधीच माफ करावं. तुमच्याकडे गॅस पिस्टन, ओ-रिंग, स्प्रिंगा अशी खोलून मांडायची चंगळ असते. माझ्याकडे आजोबांची 12 बोअरची साधी दोनाली, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक. मुक्काम ग्वाल्हेर, लश्करातला जुना वाडा.

16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे परवान्याची बंदूक निवडणुकीपुरती जमा केली. निकाल 4 जूनला लागला; ती हातात यायला महिनाअखेर उजाडली. तोवर रेक्झिनच्या कव्हरातच पडून होती. अस्तर दमट, नळ्यांवर तांबूस लव. घरी येईपर्यंत मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करून झाला.

पहिला रविवार. दोन्ही चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) आधी डोळ्यांनी, मग करंगळीने तपासले. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) असे तीन भाग वेगळे केले. त्यापुढे खोलत नाही. घोडे, चाप, स्प्रिंग बिघडले तर परवानेवाला कारागीर. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो नसता तरी माझा हात तेवढा साफ नाही. नळ्या दोरीला टांगून लाकडी चमच्याने टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा लांबलेला नाद आला. दोन नळ्यांमधली पट्टी कुठे सुटली असती तर आवाज फुटक्या मडक्यासारखा आला असता.

गंजाला घाई चालत नाही. बंदुकीचं तेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी चार शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलने बोटाच्या टोकाएवढ्या जागेत हलकेच फिरवत गेलो. चहाच्या गाळासारखा चिखल निघतो. तो पुसायचा, पुन्हा तेल. तीन रविवार गेले. नळीच्या आत पितळी ब्रश, मग आजोबांच्या भाषेत ‘फुलत्रू आणि चिंदी’, म्हणजे नळीतून ओढायची दोरी (पुल-थ्रू) आणि तिला बांधलेला कापडाचा तुकडा. चिंदी चार बाय दोन इंचांचीच हवी, हा त्यांचा हट्ट होता. डाव्या नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे नळीचा निमुळता भाग, जास्त आवळ. तिथून वॅडच्या (काडतुसात छर्ऱ्यांमागे असतं त्या बुचाच्या) प्लॅस्टिकची काळी साल निघाली, वांग्याच्या भाजलेल्या सालीसारखी.

नळ्यांवरची निळाई (गंज रोखणारा निळसर-काळा थर) पार विटली आहे. एका दुकानात ‘गरम टाकीत बुडवून दोन तासांत नवी करून देतो’ म्हणाले. हात जोडून परत आलो. जुन्या दोनालीच्या नळ्या आणि पट्टी मऊ डाखाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात आणि त्या टाकीतलं कॉस्टिक डाख खातं. असल्या नळ्यांना गंजवून-उकळून चढवायची सावकाश निळाईच हवी. ती पुढच्या वर्षी बघू. विटकी तर विटकी.

दस्ता अक्रोडाचा. लोखंडाला भिडतो तिथे तो काळा आणि मऊ पडला होता. आमचीच चूक: बंदूक उभी ठेवायची आणि तेल ओतायचं सढळ हाताने, मग ते झिरपत लाकडात जाणारच. खडूची पूड अॅसिटोनमध्ये कालवून लेप दिला; वाळला की पिवळट होतो, म्हणजे तेल ओढलं. असे पाच लेप दिले. आता कपाटात नळीचं तोंड खाली. वरून जवसाच्या तेलाचा हात, तळव्याच्या उबेने चोळून. (इकडे मोहरीचं तेल घरोघरी आहे म्हणून कुणी ते लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं.) जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

अपग्रेड म्हणाल तर एकच: दस्त्यावर चढवायची रबरी टोपी. खांद्याचा धक्का कमी झाला आणि माझ्या लांब हातांना पाऊण इंच मिळाला. लाकूड कापून पॅड बसवायला मन झालं नाही. बाकी खालच्या पट्टीच्या एका स्क्रूची खाच मी घरगुती पेचकसाने चेमटवली आहे. त्याचा फोटो मागू नये.

गंज उतरल्यावर एक गोष्ट दिसली. उजव्या नळीवर, चेंबरच्या जरा पुढे, पाच बारीक खड्डे ओळीने. एवढे खोल की तीन महिन्यांत पडणारच नाहीत. मी बोट ठेवून बघत होतो तर आजी म्हणाली, “अरे, तिथेच तर कुंकू लावतो आपण.” दर खंडेनवमीला ओलं हळदकुंकू, वर झेंडूचा ओला हार, आणि दसऱ्याला मांढरे की माता या इथल्या देवीचं दर्शन करून आल्यावर दमून बंदूक तशीच कपाटात. शिव्या दिल्या जमा करून घेणाऱ्यांना, आणि खड्डे निघाले घरचे.

यंदा तह झाला. नळ्यांवर मेणाचा हात, त्यावर विड्याचं पान, कुंकू पानावर. आजीने पान लावू दिलं, पण वाकून दस्त्याला एक बोट लावलंच. लाकूड आहे, चालेल. हार त्याच संध्याकाळी काढला.