मिझोराम, बांबू आणि उंदीर

इनर लाइन परमिट (मिझोराममध्ये शिरायचा परवाना) आणि शेअर सुमोबद्दल (सीटवारी भाड्याच्या जीपबद्दल) सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. कंबर अजून धरलेली आहे, एवढंच सांगते. रेइएक, चंफाई ही फिरायची ठिकाणं छान, पण धुक्यात फारसं दिसलं नाही.

ऐझॉलला रविवारी सगळं कडकडीत बंद. घरमालकांच्या वडिलांनी व्हरांड्यात चहाला बोलावलं. समोरचा बांबूचा हिरवा डोंगर बघून मी "किती सुंदर!" म्हणाले. आजोबा म्हणाले, "फुलला की बघा." नातू इंग्रजीत सांगत होता.

हा मौताक बांबू साधारण 48 वर्षांनी एकदाच फुलतो, तोही डोंगरच्या डोंगर एकदम, आणि मरतो. 1959 च्या सुमारास फुलला, मग थेट 2007 च्या आसपास. फळ केवढं, ते आजोबांनी मूठ वळून दाखवलं. असल्या मांसल फळांचा जंगलात सडा पडतो.

ही फळं उंदरांचं आवडतं खाणं. उंदीर बाहेरून येत नाहीत, इथलेच वाढतात. एरवी अन्न बेताचं, म्हणून पिल्लं जगतात थोडीच. फळं पडली की तो लगाम सुटतो. उंदरीण तीनेक आठवड्यांत विते, तिची पिल्लं काही महिन्यांत विणारी होतात. मग पावसाळ्यात उरलीसुरली फळं रुजतात, जंगलातलं खाणं संपतं आणि सगळा लोंढा झूम शेतातल्या (जंगल तोडून-जाळून केलेल्या डोंगरउतारावरच्या शेतातल्या) भातावर उतरतो. तेही संपलं की उंदीर उपासमारीनं मरतात, संख्या पुन्हा मूळपदावर. तोवर माणसांची कणगी रिकामी झालेली असते.

1959 च्या वेळी आजोबा लहान होते. शेतावरच्या झोपडीत रात्रभर कुरतडण्याचा आवाज, सकाळी नुसता पेंढा उभा. 2007 च्या वेळी सरकार शेपटीमागे 2 रुपये देत होतं. घरोघरी शेपट्यांच्या जुड्या.

मला संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. 1958 मध्ये मिझो लोकांनी आधीच इशारा दिला होता. बांबू फुलला की दुष्काळ, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. तेव्हा हा भाग आसामात होता; आसाम सरकारनं ती अंधश्रद्धा ठरवली. दुष्काळात मदत वाटायला उभी राहिलेली संघटना 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, 1966 मध्ये भारतापासून वेगळं होण्यासाठी तिनं बंड केलं आणि शांतता करार व्हायला 1986 उजाडलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातली एक ओळ नव्हती.

पुढची खेप 2055 च्या आसपास. गेल्या वेळी शेतकऱ्यांना आलं, हळद लावायला सांगितलं होतं, कारण उंदीर त्यांना तोंड लावत नाहीत. आजोबा फणकारले, "आल्यानं पोट भरतं का?"