रक, मॉल आणि आधी पोहोचलेला हात

रग्बीच्या नियमपुस्तिकेत टॅकल (चेंडूधारकाला पाडणे), रक (जमिनीवरच्या चेंडूच्या वर उभ्याने भिडणे) आणि मॉल (उभ्या चेंडूधारकाभोवतीची झुंज) हे अनुक्रमे १४, १५ आणि १६ व्या नियमात येतात. कागदावर ते स्वतंत्र असले, तरी मैदानावर एक संपून दुसरा सुरू होतो तो क्षण क्वचितच स्पष्ट दिसतो आणि प्रेक्षकांचे बहुतेक वाद नेमके तिथेच उद्भवतात. ‘त्याने चेंडूला हात लावला, मग पेनल्टी का नाही?’ हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. हात कधी लागला आणि त्या वेळी खेळ कोणत्या अवस्थेत होता, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडले, की पाडणाऱ्याने त्याला तत्काळ सोडून बाजूला व्हायचे असते आणि पडलेल्याने चेंडू मोकळा करायचा असतो. या वेळी बचाव करणाऱ्या संघाचा दुसरा खेळाडू आपल्या बाजूने येऊन, पायांवर उभा राहून चेंडूवर हात टाकू शकतो. त्याला जॅकल म्हणतात. आक्रमक संघाचा कोणी येऊन चेंडूच्या वर त्याला उभ्याने भिडला, की रक तयार होतो आणि रकमध्ये चेंडूला हात लावणे वर्ज्य आहे. मात्र ज्याचे हात रक होण्याआधीच चेंडूवर पोहोचले होते, तो उभा आहे तोवर चेंडू ओढत राहू शकतो. क्षणभर उशिरा आलेल्याने तेच केले, तर पेनल्टी. रिप्ले पाहताना मी आधी हात नव्हे, तर शरीराचा भार कोणावर आहे ते पाहतो. तळवा चेंडूच्या पलीकडे गवतावर टेकलेला असेल, किंवा कोपर पडलेल्या खेळाडूच्या पाठीवर रोवलेले असेल, तर तो खेळाडू स्वतःच्या पायांवर उभा आहे असे म्हणता येत नाही, मग चेंडूवरची पकड कितीही घट्ट दिसो.

मॉलमध्ये गणित उलटते. चेंडूधारकाला प्रतिस्पर्ध्याने उभ्यानेच धरले आणि चेंडूधारकाचा एक साथीदार त्यात येऊन बिलगला, की मॉल झाला. म्हणजे किमान तीन माणसे हवीत. साथीदार येण्याआधी चेंडूधारकाचा गुडघा जमिनीला लागला, तर तो टॅकल ठरतो आणि धरणाऱ्याला सोडावे लागते. रेफरीने ‘मॉल’ असे ओरडून सांगितल्यानंतर तोच गुडघा टेकला, तर सोडण्याचे बंधन नाही. चेंडू लगेच बाहेर आला नाही, तर स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून खेळ पुन्हा सुरू करतात ती पद्धत; चेंडू आत टाकण्याचा हक्क ज्यांना स्क्रम मिळतो त्यांचा) मिळतो तो मॉल सुरू होताना ज्यांच्याकडे चेंडू नव्हता त्यांना. रकमध्ये चेंडू अडकला, तर स्क्रम शेवटी पुढे सरकणाऱ्या संघाचा असतो. मॉलच्या स्क्रमबाबत, प्रतिस्पर्ध्याने मारलेली किक थेट झेलून लगेच झालेला मॉल तेवढा अपवाद आहे. आयर्लंडने २०११ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला १५-६ असे हरवले, त्यात धावणाऱ्याला खाली न पाडता उभाच धरून ठेवणाऱ्या ‘चोक टॅकल’चा मोठा वाटा होता, आणि त्या डावपेचाचा सारा फायदा नियमातल्या याच फरकातून निघतो.

नियमाच्या शब्दांवर बोट ठेवून खेळल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र २६ फेब्रुवारी २०१७ चे. ट्विकनहॅमवर इंग्लंडविरुद्ध इटलीच्या खेळाडूंनी टॅकलनंतर भिडायलाच नकार दिला. समोर कोणी भिडत नाही म्हणून रक नाही, आणि रक नाही म्हणून ऑफसाइडची रेषाही (खेळाडूंनी जिच्या मागे राहायचे असते ती) नाही. त्यामुळे ते बिनधास्त इंग्लंडच्या स्क्रम-हाफ (रकमधून चेंडू उचलून देणारा) आणि फ्लाय-हाफ (तो पास घेणारा) यांच्या मधे जाऊन उभे राहू लागले. गोंधळलेल्या इंग्लंडच्या खेळाडूंनी यावर काय करावे असे विचारताच, आपण रेफरी आहोत, प्रशिक्षक नव्हे, असे उत्तर रोमां प्वात यांनी दिले. मध्यंतराला इटली १०-५ ने पुढे होती. शेवटी इंग्लंड ३६-१५ ने जिंकले. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही; इटलीने नियम वाचला होता, एवढेच. पुढे नियम बदलला. आता टॅकलनंतर चेंडूच्या वर एकच खेळाडू उभा असला, तरी ऑफसाइडची रेषा अस्तित्वात येते.

लाइनआउटनंतरच्या (चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर तो दोन संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ सुरू होतो, त्यानंतरच्या) सरकत्या मॉलबाबत मात्र तराजू अजूनही आक्रमकांकडे झुकलेला आहे, असे माझे मत आहे. तिथे चेंडू सर्वांत मागे असतो, पुढचे खेळाडू भिंत बनून चालतात आणि एरवी अडथळा ठरली असती ती गोष्ट वैध होते. २००८ मध्ये मॉल खाली ओढण्याची मुभा प्रयोग म्हणून दिली होती, ती २००९ मध्ये मागे घेतली गेली. खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विचार करता ते योग्यच झाले. बचावाकडे उरतो तो समोरून सरळ रेटा, किंवा इटलीचीच युक्ती: लाइनआउट न सोडता जागेवर उभे राहायचे, पण भिडायचे नाही. भिडलेच नाही, तर मॉल होत नाही. आणि अशा वेळी चेंडू मागे सरकवून आक्रमक तसेच पुढे चालत राहिले, तर तो सरळसरळ अडथळा असतो.